धोंड्याचा पाट आणि हवेची टाकी

...न्हाई न्हाई, तुमीच सांगा राव, मानूस पान्यात बुडी कशापायी मारतो? काय तरी पडलं म्हनून! बादली पडली, घागर पडली, पोहऱ्याचा दोर तुटला... मग खाली जायाचं, चाचपायचं, धरायचं, वर यायचं. बरुबर का न्हाई? आन ह्यो आमचा साडू, सोपान, धाकला जावई, मुंबईच्या गोदीत मशीनवर हाय, ह्यो बाबा खानीत उतरला, तळाला गेला, बक्कळ येळ बसला... आन वर आनलं काय? कायबी न्हाई!

आवो, हसताय काय? माज्या जिवाची आग झाली ती मलाच ठावं!

आता तुमाला पयल्यापासनं सांगतो. धोंड्याचा म्हयना. सासुरवाडी पारगाव. धोंड्याच्या म्हयन्यात जावयाचा मान असतो, पाय धुत्यात, धोतरजोडी देत्यात, पुरनाचं धोंडं आन वर तुपाची धार... आन पयला पाट थोरल्या जावयाचा. थोरला कोन? मी, सयाजी, घोडेगावचा! आजवर त्या पाटावर दुसरा कुनी टेकला न्हाई. आन फुकट न्हाई बसलो, राव. सासऱ्याच्या हिरीत काय पडलं की घोडेगावला निरोप, "थोरल्यास्नी धाडा." की ह्यो सयाजी निघाला चालत! सासूबाईंची तांब्याची घागर मी काढली. मोटेचं चाक मी काढलं. एकदा तर करडू काढलं, जित्तं!

आन ह्या धोंड्याला सोपान आला त्यो मोटारीच्या टपावर लोखंडी टाक्या घालून. दोन! मंचरला उतरला, तितनं बदरुद्दीनभाईच्या टांग्यात. बदरुद्दीनभाई सांगत व्हता, "आरं सयाजी, मी इचारलं, पावनं, ह्यात राकेल हाय का? तर म्हनतो, हवा हाय. हवा! मंचरात हवा मिळत न्हाई व्हय रं?" मुंबईच्या कुना सायबाचं यंत्र, फ्रान्सातनं आनलेलं. सायेब रजेवर गेला, जाताना ह्याच्या हवाली करून गेला. टाकी पाठीला बांधायची, नळी तोंडात धरायची, डोळ्यावं काच, पायात बदकावानी रबरी पंजं... मग पान्याखाली हवं तेवढं ऱ्हावा!

मी म्हनलं, "सोपानराव, पर काढायचं काय हाय?"

तर हसला. मुंबईचं हसनं, अर्ध्या व्हटाचं. "काढायचं काय न्हाई हो साडूभाऊ. मजा!"

मजा! कुनी बगाया पान्याखाली जातं का? पर मामी... आमच्या सासूबाई, सरूबाई... पदर तोंडाला लावून म्हनत्यात कशा, "आगं बया! आमचं धाकलं जावई पान्यात श्वास घेत्यात!" आन माजा श्वास? मी दम कोंडून कोंडून घागर आनली, तवा म्हनल्या, "जरा पोचा आलाय वाटतं."

दुसऱ्या दिशी सगळं गाव दगडाच्या खानीवं. रस्त्याला खडी काढून काढून जुनी खान पडलेली, तिच्यात हिरवंगार पानी, तळ कुनाला ठाव न्हाई. बाया आल्या, म्हातारीकोतारी आली, बदरुद्दीनभाई टांगा सोडून आला. माजी बुडी बगायला कवा एक मानूस आलं न्हाई हो! आलंच तर घागरीचं मालक येतं.

सोपान गेला आत. वर बुडबुडं आलं... बुडबुड, बुडबुड. लोकं म्हनत्यात, "त्यो बगा तितं! आता हितं!" बुडबुड्याचं कवतिक! मी काठावं उभा, नवी धोतरजोडी नेसून, सकाळीच मिळालेली. आन शेजारी आमचं घरचं मानूस, माजी बायकू, मला म्हनती, "बगा, किती येळ ऱ्हातंय आमच्या धाकल्या अंबूचं मालक!" मी म्हनलं, "ऱ्हाईल, ऱ्हाईल. पर वर आनतंय काय? कायबी न्हाई!"

आन तेवढ्यात... बुडबुडं थांबलं.

झालं काय, त्यो गेला कडंच्या कपारीखाली आन हवा अडकली दगडाला. पर ह्ये आमाला काय ठावं? मग अंबूनं जो हंबरडा फोडला! सासरे, चिमाजीमामा, मटकन खालीच बसले. आन मामींनी दोनी हात वर केलं, भीमाशंकराच्या दिशेला, आन वरडल्या, "देवा भीमाशंकरा! माजा जावई जित्ता वर येऊ दे! त्याचं पाय दुधानं धुईन, पयला पाट त्याचाच, जलमभर त्याचाच!"

ऐकलं का? पयला पाट! माजा पाट! देवाच्या दारात ठेवून मोकळी झाली बाई!

आन नवस बोलून झाला तशी माज्याकडं वळली, "आवो थोरलं, बगताय काय? मारा की उडी!"

तुमी सांगा, मारायची का? तुमी असता तर मारली असती? मी इच्यार करनार तवर घरच्या मानसानं मागनं हात लावला आन मी पान्यात!

गेलो खाली. धोतर सुटलं, गळ्याभवती गुंडाळलं. पर... एक सांगतो, हसू नका. जलमभर मी डोळं मिटून खाली गेलो. हिरीत अंधारच असतो, उघडून बगायचं काय? तवा पयल्यांदा उघडलं. आन खाली ऊन आलेलं हो! सरळ, उभ्या पट्ट्या उनाच्या, तळापातुर. बारकी बारकी मासोळी, आन कपारीपाशी ह्यो सोपान मांडी घालून बसलेला, निवांत, मासं तोंडाफुडनं जातायत... त्यानं मला हात क्येला, या बसा म्हनून! बसा? मला दम किती? एका घागरीपुरता! खरं सांगतो, पाटापायी नसंल तेवढा त्या उनापायी मी जळलो. त्याला सगळं बगाया मिळतंय आन मला वर जायाची घाई.

त्याच रागात धरली शेंडी आन वढला वर.

काठावं आनून आपटला. त्यानं नळी काढली तोंडातनं, म्हनतो कसा, "साडूभाऊ, आजून लई हवा व्हती की!" पर ऐकतो कोन? मामींनी त्याच्यावरनं कडाकडा बोटं मोडली, अंबूनं पाय धरलं, मामा लहान पोरासारखं रडलं, बदरुद्दीनभाई म्हनला, "अल्ला मेहरबान!" आन मी? मी गुडघाभर पान्यात, धोतर गळ्यात. कुनी तरी म्हनलं, "सयाजीराव, आदी कपडं सावरा, बायामानसं हायती."

त्यानं वर काय आनलं? कायबी न्हाई! मी मानूस आनला, आख्खा!

सांच्याला पंगत. सोपान पयल्या पाटावं, रांगोळी काढलेल्या. पाय दुधानं धुतलं. मी दुसऱ्यावं. बरं, सोपान वाईट न्हाई हो, तीच तर अडचन. त्यो म्हनला, "साडूभाऊ, एक टाकी भरलेली हाय. उद्या तुमी घाला. मी काठावं ऱ्हातो."

आवो, घास हातातच राह्यला! मी उनाच्या पट्ट्या बगनार! मांडी घालून बसनार! मासं तोंडाफुडनं जानार!

तर मामी तुपाची वाटी घेऊन आडव्या आल्या. "छ्या छ्या! थोरल्यास्नी पान्यात घालायचं न्हाई. सोपानराव, तुमी जावा खुशाल. कंबरंला दोर बांदा आन दोराचं टोक थोरल्यांच्या हातात. थोरलं काठावं असलं की मला घोर न्हाई." आन माज्या धोंड्यावं तूप वाढलं... सोपानाच्या दुप्पट!

बोला आता! माज्याविषयी बाई पयल्यांदा चांगलं बोलली, आन त्ये बी मला काठावं बसवायला! आन मामाबी मान हालवतायत, अंबू हात जोडतीया. तुमाला वाटंल, सयाजी ताडकन उठला असंल पाटावरनं, चारचौघात सुनावलं असंल...

मी म्हनलो, "मामी, दोर तेवढा नवा काढा. जुना कुजलाय, आन गडी जड हाय."