लिफ्टवाल्याचा पाय

वहिनी : त्या तारांना धक्का लावू नकोस. पाय जरा तिकडं घे.

नणंद : पण वहिनी, किल्ली कुठंय?

वहिनी : आहे की. अर्धी कुलपात, अर्धी घरी डब्यात. गेल्या वर्षी मोडली. आता लाल आणि पिवळी पिळून ठेवायची, आणि ही तिसरी नुसती टेकवायची. टेकली की उचलायची, नाहीतर चटका बसतो. हं, झाली सुरू.

नणंद : अगं, गाडी चोरतात कशी ते दाखवतेयस तू मला!

वहिनी : हिला कोण चोरतंय! दार लावताना दोनदा आपट, तुझ्याकडचं एकदाच्यानं लागत नाही.

नणंद : दादा असता तर त्यानं कुलूप तरी बदललं असतं.

वहिनी : तुझ्या दादानंच मोडली असती ती. किल्लीशी भांडायचा तो. बोल, काय म्हणत होतीस सकाळी?

नणंद : तेच. मी तुला न्यायला आलेय. दुकान बंद कर, ही गाडी भंगारात दे आणि चल माझ्याकडं. दादाला जाऊन तीन वर्षं झाली, एकटी किती ओढणार आहेस?

वहिनी : बोल, बोल. ऐकतेय मी. फक्त रस्त्याकडं बघून ऐकतेय.

नणंद : मागच्या सीटवर चादरीत काय गुंडाळलंयस?

वहिनी : लिफ्टवाल्याचा पाय.

नणंद : अगं बाई गं!

वहिनी : ओरडू नकोस, लाकडा-रबराचा आहे. गुडघ्याखालून गेला त्याचा. पाय बसवला, पण आत एका जागी घासत होता, म्हणून परत आणलेला. आज बाराला कंपनीचे डॉक्टर बघणार आहेत. त्यांच्यासमोर काठीशिवाय चालला तर नोकरी, नाहीतर लिफ्टवर दुसरा माणूस.

नणंद : आणि पाय तुझ्याकडं! अकरा वाजले की.

वहिनी : म्हणून तर म्हटलं, बडबड गाडीत कर.

नणंद : दादानं केलेलेच पाय दुरुस्त करतेस ना अजून?

वहिनी : दादानं केलेले संपले कधीच. हा मी केलाय. मोजून बाविसावा.

नणंद : तू? मला वाटायचं, तू नुसते पट्टे शिवतेस.

वहिनी : वीस वर्षं पट्टे शिवले, तेव्हा डोळे काय मिटून बसले होते? थांब, सिग्नल लागला… काय करतेयस तू?

नणंद : तारा लोंबत होत्या गं. जरा नीट गुंडाळून ठेवत होते.

वहिनी : झालं. पडली बंद. वन्सं, तुमच्या नीटनेटकेपणाला साष्टांग नमस्कार! सोड. सोड म्हणते ना.

नणंद : टक् वाजतंय नुसतं.

वहिनी : बॅटरी म्हातारी आहे तिची. एकदा श्वास घेऊ दे.

नणंद : मागून सगळे हॉर्न मारतायत. आणि हवालदार येतोय, वहिनी!

हवालदार : बाई, गाडी बाजूला घ्या. आणि हे काय, तारा? किल्ली कुठंय?

वहिनी : मोडलीय. हे कागद बघा.

हवालदार : गाडी पुरुषाच्या नावावर दिसतेय.

वहिनी : माझे मिस्टर. ते नाहीत आता. नाव बदलायचं राहिलंय, माझी चूक आहे.

हवालदार : मागं चादरीत काय आहे? उघडा बघू… अरे देवा! बुटासकट?

नणंद : साहेब, खोटा आहे हो! बाराच्या आत नाही पोचलो तर एका माणसाची नोकरी जाईल.

हवालदार : प्रत्येकालाच घाई असते, ताई. पावती फाडावी लागेल.

वहिनी : फाडा की. बरोबरच आहे तुमचं. तुमचा डावा गुडघा दुखतो का हो?

हवालदार : काय?

वहिनी : तिथून इथवर चालत आलात ते बघितलं. डावा बूट आतल्या बाजूनं झिजलाय. जिना उतरताना जास्त दुखत असेल.

हवालदार : …दोन वर्षं झाली. गोळ्या खातोय.

वहिनी : गुडघ्याचा दोष नाही, टाचेचा आहे. हा रबराचा तुकडा घ्या. बुटात टाचेखाली, जाड बाजू आत. आठ दिवसांनी नाही फरक पडला तर दुकानात या, माप घेते. पावती झाली लिहून?

हवालदार : झाली. गाडी मात्र ढकलल्याशिवाय निघायची नाही. ताई, उतरा तुम्ही, लावा हात. बाई, दुसऱ्या गिअरमध्ये टाका, मी म्हटलं की क्लच सोडा. आणि ते कुलूप बदला!

वहिनी : उद्याच बदलते.

हवालदार : हं, सोडा!

नणंद : वहिनी, थांब! मी राहिले!

वहिनी : थांबले तर पुन्हा बंद पडेल! पळ, दार उघडं ठेवलंय!

(कंपनीचा चौथा मजला. दवाखान्याबाहेरचा बाक. बारा वाजून गेलेत.)

नणंद : माझी धाप अजून थांबली नाही. आणि तू काय, डोळे मिटून झोपलीस?

वहिनी : ऐकतेय. आत चालतोय तो. गप्प बस जरा.

नणंद : काय ऐकू येतंय?

वहिनी : दोन्ही पावलांचा आवाज सारखा यायला हवा. मघाशी बांधताना घाबरला होता, आधी पाय ओढत होता. आता बघ.

नणंद : …सारखा आहे गं.

वहिनी : वळला. वळताना पडतात माणसं. नाही पडला.

नणंद : वहिनी, त्या चादरीची पिळून पिळून दोरी केलीस. मघाशी हवालदारासमोर तर दगडासारखी बसली होतीस.

वहिनी : तिथं गाडीचा प्रश्न होता.

नणंद : दादाला हे सगळं दिसायला हवं होतं.

वहिनी : त्यानं आधी चार चुका काढल्या असत्या. मग जेवताना हळूच म्हणाला असता, बरा झालाय.

नणंद : बरा नाही. मी सांगते ना, फार चांगला झालाय. दार उघडतंय बघ.

वहिनी : काय रे? काय म्हणाले?

लिफ्टवाला : दोनदा चालायला लावलं. मग खाली वाकले आणि पँटवरूनच नडगीवर टिचकी मारली. म्हणाले, आवाज कसा येत नाही?

वहिनी : मग?

लिफ्टवाला : म्हटलं, साहेब, हा आईनं दिलेला आहे. वहिनींनी दिलेला दुसरा.

नणंद : आणि काम? कधीपासून?

लिफ्टवाला : आत्तापासून. या, लिफ्टमध्ये या दोघी. दाराला हात लावू नका, मी लावतो.