सारखी चालव

ड्रायव्हरवर ओरडायची माझी सवय एकाच प्रवासात कशी सुटली, ते ऐका.

बायकोचा खुबा मोडला. रफीकच्या जीपमध्ये तिला मागे आडवी निजवून वणीहून यवतमाळला निघालो. पुढे कोळशाचा ट्रक दिसला की मी ओरडायचो, "हळू रे!" रफीक ब्रेक दाबायचा आणि मागून ती किंचाळायची. मग मी रफीकवर आणखी चिडायचो.

मारेगावला तीच बोलली, "अहो, गाडी सारखी चालली की मी खाटेवर पडल्यावानी राह्यतो. तुम्ही ओरडता, तो ब्रेक मारते, तवा जीव जाते माहा."

रफीक माझ्याकडे न पाहता म्हणाला, "काका, चालवू का मंग सारखी?"

"चालव."

पुढे मी तोंड उघडलं नाही. मागूनही आवाज आला नाही. दवाखान्यासमोर गाडी थांबली, तेव्हा ती जागी झाली.