प्रोफाइल जुळत नाही

नावड्याच्या कॉलनीत एक आजी राहायची, ती मीच. तिला एक नातू होता, सुहास. जगाच्या लग्नाचे फोटो काढायचा अन् स्वतः तिशी ओलांडून बिनलग्नाचा.

एकदा मी लसूण सोलत बसले होते अन् हा फोनवर कुणा पोरीशी हुज्जत घालत होता. "मॅडम, चार वेळा पाठवलं, तरी तुमचं एकच, प्रोफाइल जुळत नाही!"

माझं डोकंच फिरलं. स्थळ घरी सांगायचं सोडून हा परस्पर नकार झेलतोय! मी फोन हिसकावला. "काय गं बाई, काय खोट हाय आमच्या पोरात? काळा हाय म्हणून?"

पलीकडं ती पोरगी हसायलाच लागली. मग ती म्हणाली, "आजी, मी अल्बम छापतात त्या लॅबमधून बोलतेय. तुमचे नातू फोटोला स्क्रीनच्या रंगांचं प्रोफाइल लावून पाठवतात. छपाईला वेगळं लागतं. डाळिंबी शालू विटकरी छापून येतोय. नवरी अल्बम घेईना."

"मग त्याला सांग की!"

"चार वेळा सांगितलं. ऐकतच नाहीत."

"अगं, माझं तरी कुठं ऐकतोय! तूच ये अन् शिकव."

रविवारी ती आली, प्रोफाइल बदललं, शालू डाळिंबी झाला. चहाला थांबली ती कायमचीच. आज माझी नातसून हाय.

सुहास अजून प्रोफाइल लावायचं विसरतोच. पण देवाच्या दयेनं आता त्याच्यावर ओरडायला घरात आम्ही दोघी आहोत.