रेवतीनं भरलेली ओटी

ऐका गं बायांनो, आणि ती वात जरा पुढे सारा. माझ्या धाकट्या नणंदेचं, रेवतीचं सांगते.

तिचा नवरा सदानंद वायरमन. बदली झाली डोंगराकडच्या एका गावात. घर मिळालं ते ओढ्याच्या वाटेवर, वस्तीपासून लांब. सामान घेऊन गेले तो नेमका श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा वार. रेवतीला दिवस गेलेले, पहिलंच. होणाऱ्या लेकरासाठी धरलेलं व्रत, ते मोडणार कसं? एकही बोचकं सोडलं नाही तिनं, आधी जिवतीचा कागद भिंतीला लावला. दूध-साखर, फुटाणे ठेवले. आता सवाष्ण हवी. अनोळखी गावात बोलवायचं कुणाला? सदानंद राहिलेलं सामान आणायला गेलेला. दिवस मावळला.

तेवढ्यात दारात एक बाई. कपाळभर कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा. म्हणाली, जवळच राहते. रेवतीला वाटलं, देवीनंच धाडली. नाव विचारायचंसुद्धा राहिलं बघा.

बाई टेकली नाही. सामानच लावू लागली. मिठाची बरणी कोनाड्यात, तवा खुंटीला, पाट भिंतीशी. अंधारात, जराही न चाचपडता. रेवती म्हणाली, घर तुमच्या ओळखीचं दिसतं. ती नुसती हसली. मग माहेरून आलेला पाळणा. सुटा बांधून ठेवलेला. हिनं तो सोडला, जोडला, आढ्याला टांगला. आणि लागली हलवायला.

"अहो, रिकामा पाळणा हलवू नये."

"रिकामा कुठंय?"

ऐकताय ना? रेवती वाकून बघायला गेली नाही. बरं केलं. तिला वाटलं, ओटी भरावी नि बाईला वाटेला लावावं. खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घातले. आता आपण काय करतो? ओटीतले चार दाणे परत तबकात टाकतो, देणारीचं घर रितं राहू नये म्हणून. हिनं टाकले नाहीत. पदर मुठीत आवळला. आणि रेवतीच्या पोटातलं हलणं थांबलं. हात लावून बघते तर पोट गार, दगडासारखं.

बाई अगदी मायेनं म्हणाली, "याच खोलीत बाळंत होताना गेले मी. रिती गेले. आज तू भरलीस."

आणि दाराकडे वळली.

दिलेली ओटी मागं घ्यायची, केवढं पाप! पण रेवतीनं जिवतीचं नाव घेतलं नि त्या पदरात हात घातला. विस्तवात घालावा तसा हात पोळला. तरी सोडलं नाही. ओढाओढ झाली, चुडा फुटला. निम्मे तांदूळ रेवतीच्या मुठीत आले. निम्मे घेऊन ती गेली. तेव्हा कुठं पोटात एक लाथ बसली.

त्याच रात्री सदानंदनं सामान परत भरलं.

दिवस भरले, मुलगी झाली, खणखणीत रडली. सुईण मात्र हळूच म्हणाली, "जुळं होतं गं. दुसरं आतच गेलेलं."

मी म्हणते, माऊलीनं एक तरी राखलं. रेवती तसं म्हणत नाही.

म्हणून सांगते, दारी आलेल्या सवाष्णीला नाव विचारा. कुणाची कोण, ते विचारा. आणि त्या ओढ्याच्या वाटेला तर फिरकूच नका. तिची ओटी अजून निम्मी रितीच आहे.