दीड ओळीची हिंमत

नाही अण्णा, बदलून दुसरी कादंबरी नको — दोन्ही परत घ्या, पण आधी माझं ऐका, कारण मला या दोन्ही लेखकांचा राग आलाय आणि परळपासून गिरगावपर्यंत ट्रॅममध्ये मी तो तसाच धरून बसलोय. तुम्हीच म्हणाला होता ना — रामदास, तू सातवीत शाळा सोडलीस पण वाचतोस नीट, वाचून झालं की मला सांगत जा. मग सांगतो. गिऱ्हाईक आलं तर बाजूला होईन.

ही जाडी बघा. यातला सूर्यकांत मोर्च्यात पुढे होतो आणि छातीवर गोळी झेलतो. त्या एका गोळीला अख्खं प्रकरण. सदऱ्याचं बटण कसं तुटलं तेसुद्धा लिहिलंय. पण अण्णा, पंचावन्न साली फाउंटनच्या मोर्च्यात मी होतो. तिथं कसली आलीय हिंमत — मागचे ढकलतात, पुढचा थांबला की आपण थांबतो, तो पळाला की आपण पळतो, घोषणा शेजाऱ्याच्या तोंडातून आपल्या तोंडात येते. मी अनवाणी घरी आलो तर चाळीनं हार घातला. चप्पल गर्दीत गेली होती, दुसरं काही नाही. तुम्हीपण वाचनालयाच्या याच पायरीवर माझी पाठ थोपटलीत, वर घरातून पोळीभाजी मागवलीत. ते मी विसरलेलो नाही.

आता ही बारकी. ही माझ्या नावावर नाही, उर्मिलाताईंनी दिली — तुमच्या जागी बसल्या होत्या त्या दिवशी — म्हणाल्या, हिंमत वाचायचीय तर ही वाच. यात शरच्चंद्र, कारकून. साहेब खोकला तरी दचकणारा. त्याचं मन जिच्यावर, ती मुलगी परजातीची. मी वाट बघतोय, आता बोलेल, आता बोलेल — आणि लेखक काय लिहितो? वाचूनच दाखवतो. ‘त्या संध्याकाळी शरच्चंद्राने तिच्या वडिलांना सारे काही सांगितले. पुढच्या महिन्यात त्यांचे लग्न झाले.’ संपलं. दीड ओळ. सारे काही म्हणजे काय? पहिला शब्द कुठला होता? वडील जेवत होते की पेपर वाचत होते? ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला? गोळीला प्रकरण आणि याला दीड ओळ. माणूस खरा घाबरतो ती जागा आली आणि लेखकच पळाला. मला वाटलं एखादं पान चिकटलं असेल, नखानं सोडवून बघितलं. नाही. लिहिलेलंच नाही.

मी तिला हेच म्हणालो. ती हसली — हसल्या. म्हणाली, ज्यानं लिहिलं त्याच्यावर ती वेळ आली नसेल, तुझ्यावर येईल तेव्हा तू नीट सांग. इथंच बोललो, पुस्तकं लावताना, तुम्ही वर जेवायला गेला होतात. तसं काही — अण्णा, चष्मा का काढलात?

आता निघालंच तोंडातून. मला रीत कळते. असलं बोलणं मोठ्यांनी येऊन करायचं, मुलानं एकट्यानं नाही. पण आमच्याकडून येणार कोण? वडील नाहीत. कोंडीराममामा रे रोडला लाकडाच्या वखारीत असतो, तो म्हणाला, नाही म्हणायला त्यांना किती वेळ लागणार, तेवढ्यासाठी मी खाडा करत नाही. आई म्हणाली, आता आपण बौद्ध झालो, लोकांच्या पायरीवर हात जोडून उभं राहायचं सोडलं. मी म्हटलं, आई, लग्नाचं विचारायला गेलं की सगळेच हात जोडतात. ती म्हणाली, सगळ्यांना आधी बसायला सांगतात.

म्हणून मीच आलो. गेलं वर्षभर मी हेच सांगायला येतो आणि कादंबरी बदलून घरी जातो. तुम्हाला वाटलं, पोराला वाचनाचं वेड आहे. संयुक्त महाराष्ट्रावर आपण इतकं बोललो, कधी मतभेद झाला नाही. सगळी मराठी माणसं एका घरात आली पाहिजेत, असं तुम्ही म्हणालात, मी मान डोलावली. तेव्हाच विचारायला हवं होतं, घर म्हणजे कुठलं.

मला तुमच्या उर्मिलाशी लग्न करायचंय. गिरणीत कायम झालोय. तिचंही हो आहे. पण वर जाऊन तिला काही बोलू नका, आज मी बोलणार हे तिला ठाऊक नाही. जे बोलायचं ते मला बोला. शिव्या द्या. नाही म्हणा, पण तोंडानं म्हणा.

अण्णा — दुपार कुठं झालीय अजून, दाराला फळ्या कशाला लावताय? माझ्याकडे बघा तरी. अण्णा, मी अजून आत आहे.