पंगतीतलं मतदान

व्यासपीठावर विराजमान आपल्या मंडळाचे अध्यक्ष आदरणीय बालाजीराव, उद्यापासून ज्यांच्या कंपनीकडे आपलं स्वयंपाकघर जात आहे ते प्रमुख पाहुणे श्री. श्रीवत्स, आजचे सत्कारमूर्ती तुकोजी, सईबाई आणि त्यांचे पाच सहकारी, तंजावरच्या जुन्या घराण्यांतली वडीलधारी मंडळी, आणि नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून चेन्नईत आलेल्या माझ्या तरुण मित्रांनो! सचिव या नात्याने निरोपाचे चार शब्द बोलण्याचा मान माझ्याकडे आला आहे. मागच्या रांगेतल्यांनी सारखं स्वयंपाकघराकडे पाहू नये. जेवण भाषणानंतरच आहे.

तुकोजींबद्दल मी काय बोलावं? मी पुण्याहून इथे आलो तेव्हा सांबार म्हणजे इडलीबरोबर फुकट मिळणारं पाणी, अशी माझी समजूत होती. ती तुकोजींनी मोडली. या सभागृहात माझ्या मुलीचं बारसं झालं, तेव्हाही तेच वाढत होते. आपल्या माणसांना आपण कधी नोकर मानलं का? कधीच नाही. म्हणूनच त्यांना आपण ‘सेवक सभासद’ असं सुंदर नाव दिलं. वर्गणी सर्वांसारखी, मान सर्वांसारखा. मत तेवढं नव्हतं.

आणि गेल्या वर्षी त्यांनी नेमकं तेच मागितलं! कार्यकारिणीने स्वयंपाकघर कंत्राटावर द्यायचं ठरवलं, तेव्हा सईबाई थेट बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, “आमच्या चुलीचं ठरवता ना सार, मग आम्हालाबी हात वर करू द्या.” मी त्यांना प्रेमाने समजावलं, की मताचा अधिकार ही जबाबदारी असते, डोक्याला ताप असतो. त्या म्हणाल्या, “असू दे सार, चुलीचा ताप सोसतोच ना.”

मग आंदोलन पेटलं. दगड नाहीत, घोषणा नाहीत. एका रविवारी कॉफीच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शनच पडलं नाही! सकाळच्या कार्यक्रमाला कॉफी नाही. असे हाल चेन्नईत राहणाऱ्या शत्रूचेही होऊ नयेत. आपल्या ऋजुताने, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात इंजिनिअर असलेल्या मुलीने, त्यांची बाजू घेतली आणि निम्मी तरुण मंडळी तिच्यामागे गेली. बालाजीरावांनी दुपारपर्यंत तग धरला. त्यांच्या वयाला हे फार झालं. संध्याकाळी आपण उदार मनाने सातही जणांना मताचा अधिकार दिला. टाळ्या झाल्या, कॉफी झाली. कॉफी नेहमीपेक्षा कडक होती, एवढं मला आठवतं.

आता नव्या पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगतो. आपली वार्षिक सभा पंगतीतच भरते. जेवणाआधी ठेवली तर कोणी येत नाही आणि जेवणानंतर कोणी थांबत नाही. आवडी उपनगरातल्या लोकांना लोकल गाठायची असते, श्रीपेरुंबुदूरच्यांना कारखान्याची पाळी. म्हणून केळीच्या पानावर भात पडला की ठराव वाचायचा. उजवा हात भातात, डावा हात लोकशाहीत. ही जुनी प्रथा मी केवळ तुकोजींना मत मिळालं म्हणून मोडायची का?

तर सांबाराची फेरी सुरू झाली आणि मी कंत्राटाचा ठराव मांडला. तीच वेळ का, असं नंतर काही जणांनी विचारलं. वेळ ठरवणं हा सचिवाचा अधिकार आहे. विरोधात असलेल्यांनी हात वर करा, असं मी अगदी स्पष्ट तीनदा म्हणालो. सातही जणांच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओगराळं. ऋजुता पानावरून ओरडली, “तुकोजीमामा, बादली खाली ठेवा! हात वर करा!”

तुकोजी थांबले. माझाही घास थांबला, खोटं कशाला बोलू? पण समोर बालाजीरावांचा कोरडा भात होता. तुकोजी म्हणाले, “पानावर माणूस बसलंय अम्मा. वाढून झाल्यावर करतो.” आणि त्यांनी बालाजीरावांच्या भातावर सांबार घातलं. सईबाई डोळे पुसत रसम घेऊन पुढे गेल्या. ठराव चार मतांच्या फरकाने मंजूर झाला. वाढणारे सात होते, पण वर झालेलेच हात मोजायचे असतात.

ही निष्ठा आज कुठे पाहायला मिळते? म्हणूनच आज आपण सातही जणांना शाल, नारळ आणि हे पितळी स्मृतिचिन्ह दिलं आहे. चांगलं जड आहे, दोन्ही हातांनी धरावं लागतं.

क्षमा करा, एक चिठ्ठी आली आहे. आजचं जेवण श्रीवत्ससाहेबांच्या कंपनीकडून पोहोचलं, छान! पण... त्यांच्या करारात स्वयंपाक आहे, वाढप नाही? बरं, हरकत नाही. तुकोजी, घरचंच कार्य आहे. शेवटचं एकदा, आपली माणसं घेऊन जरा...

काय म्हणालात? मोठ्याने बोला.

“हात मोकळे नाहीत सार.”

अं... ठीक आहे. सत्कारमूर्तींनी बसून राहावं, तो त्यांचा मानच आहे. सभासदांपैकी कोण वाढणार? आपण सभेची पद्धत पाळू. तयार असलेल्यांनी हात वर करावेत.

कोणी?

ऋजुता? नाही? बालाजीराव, आपण तरी...

मोजायची वेळ येईलसं दिसत नाही. असो. आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आज पोटात जायला दुसरं काही दिसत नाही. नमस्कार.