वहीत न लिहिलेला प्रसाद

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त आदरणीय रुक्मिणीबाई, दर दुसऱ्या शनिवारी अकोल्याहून आमच्यासाठी खामगावला येणारे सर्जन डॉक्टर गजेंद्र, समुपदेशक वैष्णवी, आजच्या सत्कारमूर्ती आहारतज्ज्ञ दीपमाला, खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले कर्मचारी, आणि माझ्यासारखेच वजनदार रुग्ण व त्यांचे काळजीतले नातेवाईक, सर्वांना पुष्पांजलीचा नमस्कार.

एकोणपन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉन्व्हेंटमधला सातवीचा वर्ग, जून महिना, शिवणाचा तास. नव्या गणवेशाची मापं घ्यायची होती. सिस्टर टेप लावून आकडा सांगायच्या आणि एक मुलगी तो वहीत उतरवायची. माझी पाळी आली. कमरेचा आकडा सिस्टरांनी इतरांसारखाच, स्वच्छ आवाजात सांगितला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. मी फरशीकडे बघत उभी राहिले. लिहिणाऱ्या मुलीने आकडा लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "सिस्टर, बाही किती?"

बस, एवढंच. ती हसली नाही, तिने माझी कीव केली नाही, आकडा खोटाही लिहिला नाही. फक्त पुढचं माप विचारलं. ती मुलगी म्हणजे दीपमाला. मागच्या आठवड्यात मी तिला हे सांगितलं, तर म्हणते, "मले तर कायच आठवत नाई वं." तिला कशाला आठवेल? वार करणाऱ्यांना आठवत नाही तसं फुंकर घालणाऱ्यांनाही आठवत नसावं.

अध्यक्ष महोदया, मला सात मिनिटं दिली आहेत. मी शिक्षिका होते. सात मिनिटांत आमची हजेरीसुद्धा होत नसे. तेव्हा थोडं सांभाळून घ्यावं.

या रुग्णालयात मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर आले. वजन एकशे एकवीस किलो, साखर, रक्तदाब, दोन्ही गुडघे गेलेले, आणि झोपेत श्वास अडतो म्हणून तोंडावर यंत्र. येताना मी बोलणी खायची तयारी करून आले होते. आम्हाला त्याची सवय असते. लग्नात ओळखपाळख नसलेली बाईसुद्धा हक्काने सांगते, "ताई, भात सोडा." पण डॉक्टर गजेंद्रांनी पहिला प्रश्न काय विचारला? "तुम्हाला काय करता येत नाही, जे करता यावंसं वाटतं?"

मी म्हटलं, "माझ्या पायाची नखं."

गेली चार वर्षं माझी नखं माझे यजमान कापतात. दर पंधरवड्याला, अंगणात, चष्मा लावून. अर्जुनराव, मान खाली घालू नका, सांगण्यासारखं काम आहे. पण बाई बासष्टाव्या वर्षी नवऱ्यासमोर पाय पुढे करून बसते, तेव्हा तिला काय वाटतं, हे मी त्या दिवसापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. रक्तदाबाच्या खाली, नखं.

मग त्यांनी पोट लहान करण्याच्या ऑपरेशनबद्दल सांगितलं. ऑपरेशन अकोल्याला होणार, आधीची तयारी आणि नंतरची देखभाल इथे. जादू आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. रक्तस्राव होऊ शकतो, टाके गळू शकतात, जन्मभर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जन्मभर तपासण्या. आणि ते ऐकवायला त्यांनी एका माणसालाही बोलावलं होतं. उंद्रीचे उकंडराव, भाजीपाला पिकवतात, दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेलं. ते बघा, तिसऱ्या रांगेत.

मी विचारलं, "त्रास होतो का हो?"

"होते ना, बाई. खोटं काऊन बोलू? केस गळले. थंडी लई वाजते. पुतणीच्या लग्नात एक गुलाबजाम खाल्ला अन् मांडवामागं जाऊन ओकलो. आता पंगतीत बसलो का लोक म्हनतात, उकंडराव रुसले का?"

"मग पुन्हा संधी मिळाली तर कराल?"

"हाव. काल वांग्याच्या वावरात उकिडवा बसून खुरपलं म्या. दहा वर्सानं."

अर्जुनराव मात्र घरी येऊन म्हणाले, "खात्यापित्या घरची बाई आहेस. चांगलं पोट कापून काय घ्यायचं?" तो विषय तिथेच थांबला. पण तयारी सुरू झाली होती, आणि तयारीची सूत्रं दीपमालाच्या हातात होती.

तिने मला एक वही दिली. "पुष्पे, तोंडातून आत गेलं का लिहायचं. घोटभर चहा असो नाहीतर मूठभर शेंगदाणे." वजन थोडं उतरलं आणि यकृतावरची चरबी कमी झाली, तर ऑपरेशन सोपं होतं, म्हणून हे. मी वही किती सुंदर ठेवली म्हणून सांगू! वेळ, पदार्थ, वाटीचं माप, लाल शाईची समासरेषा. सगळं खरं. सकाळी भाकर एक. दुपारी वरण अर्धी वाटी. तीन महिने.

तीन महिन्यांत माझं वजन दीड किलोने वाढलं.

मंडळी, या टीमने काय करावं? दुसरा कोणी म्हणाला असता, बाई लबाड आहे. यांनी माझं थायरॉइड पुन्हा तपासलं. औषधं बदलून पाहिली. वैष्णवीने झोपेबद्दल विचारलं, मनाबद्दल विचारलं. शेवटी दीपमालाला काट्याचाच संशय आला. वॉर्डातल्या जनकाबाई मावशी बाजारातल्या अडत दुकानातून वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं घेऊन आल्या, रिक्षात घालून. ती काट्यावर ठेवली. चाळीस म्हणजे चाळीस. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काटा खरा हाय, माय. आता बाईलेच इचारा."

दीपमालाने मला विचारलं नाही. ती एका गुरुवारी सहज माझ्या घरी आली.

आमचं घर गल्लीच्या तोंडाशी. गजानन महाराजांचा गुरुवार म्हणजे शेगावला जाऊन येणारं प्रत्येक घर आमच्याकडे पेढा देतं. शिवाय कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुणाचा भंडारा, कुणाच्या नातवाचं बारसं. दीपमाला समोर बसली होती, आम्ही शाळेतल्या मैत्रिणींच्या गोष्टी काढल्या होत्या, आणि माझा हात देवघरातल्या ताटलीकडे जात होता. शिऱ्याची मूद, दोन पेढे, खोबऱ्याची वडी. कपाळाला लावायचं आणि तोंडात टाकायचं.

तिची नजर माझ्या हातावर थांबली.

"हे काय खाल्लं वं?"

"प्रसाद."

"वहीत कुठी आहे हा?"

मला खरंच राग आला. "दीपा, काहीतरीच काय विचारतेस? प्रसाद कुणी वहीत लिहितं का?"

तुम्ही हसता आहात. हसा. पण इथे बसलेल्या किती जणांनी तो लिहिला असता, हात वर करा बरं? बघितलंत, रुक्मिणीबाई? तुमचासुद्धा हात खाली आहे. प्रसाद म्हणजे खाणं, हे माझ्या मनातच नव्हतं. माझ्या सासूबाई सुभद्राबाई म्हणायच्या, प्रसाद बाधत नाही. मी ते ऐकलं आणि चाळीस वर्षं पाळलं.

दीपमाला हसली नाही. म्हणाली, "बरं. देवाले नमस्कार करून लिहू. पन लिहू." आम्ही दोघींनी मिळून त्या आठवड्याचा प्रसाद आठवून लिहिला. एकोणीस वेळा. शाळेत सिस्टर आम्हाला सांगायच्या, नजरचुकीने झालेलं खोटंही एकदा मोठ्याने बोलून टाकावं, मन हलकं होतं. मन हलकं झालं नाही. मी रडायला लागले.

आणि रडता रडता एक गोष्ट माझ्या तोंडून निघून गेली, जी मलाही माहीत नव्हती. मी म्हटलं, "दीपा, मी दुसरी भाकर घेतली की घरातल्या सगळ्यांच्या नजरा ताटाकडे वळतात. लग्नात जिलेबी घेतली की बायका एकमेकींकडे बघतात. प्रसाद खाताना माझ्याकडे कुणीसुद्धा बघत नाही. उलट म्हणतात, घ्या ना, अजून घ्या."

जगातलं तेवढंच एक खाणं मला मान वर करून खाता येत होतं.

पुढचे चार महिने वैष्णवीने याच एका वाक्यावर माझ्याशी बोलून काढले. पोटाचं ऑपरेशन सर्जन करतात, पण जी भूक पोटातली नव्हतीच तिचं काय, हे मला या मुलीने शिकवलं. तिने प्रसाद बंद करायला सांगितलं नाही. तिळाएवढा घ्या, बाकीचा वाटा, म्हणाली. देव तिळाएवढ्यातही असतोच. वजन उतरायला लागलं. नऊ किलो. डॉक्टरांनी सांगितलं, आता तुम्ही तयार आहात, ठरवा. या महिन्याच्या तेवीस तारखेला जागा ठेवतो, सोमवारपर्यंत कळवा.

नेमकं त्याच दिवशी मला कळलं की दीपमाला निवृत्त होते आहे.

मी तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "सहा महिने थांब. तू असशील तर मी करते."

मला वाटलं होतं, ती विरघळेल. ती फाईल बंद करून म्हणाली, "मंग नको करू."

"म्हणजे?"

"माह्यासाठी करून राह्यली असशील तर नकोच करू, पुष्पे. ऑपरेशन झाल्यावर वर्षानुवर्षं वाटीभर खायचं तुले आहे. मी काय जन्मभर तुह्या ताटाशी बसू?"

मी रागाने घरी आले. त्यांनी, म्हणजे अर्जुनरावांनी, पूर्वी एकदा तिला गाठून विचारलं होतं, "ताई, हिच्या जागी तुम्ही असत्या तर केलं असतं का?" तेव्हाही तिचं उत्तर हेच. "ते मी सांगनार नाई, भाऊजी. जे विचाराल ते समजावून सांगीन. ठरवनार त्या." तेव्हा मला ते कोरडं वाटलं होतं. पुण्याहून मुलगा अविनाश फोनवर म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं." तोही मला कोरडाच वाटला. मला कुणीतरी ढकलायला हवं होतं. म्हणजे बरं झालं तर माझं, वाईट झालं तर त्याचं.

आठ दिवस मी विचार केला. तिच्याशिवाय मला काय उरतं? मोजून पाहिलं. तिळाएवढा प्रसाद मी तिच्यासमोर घेत नव्हते, माझ्या घरात घेत होते. नऊ किलो तिच्या खोलीत उतरले नव्हते. आणि अडचण आलीच, तर वैष्णवी आहे, डॉक्टर आहेत, भूल देणाऱ्या मॅडम आहेत, उकंडरावांचा नंबर आहे. ते रात्रंदिवस फोन उचलतात, फक्त बोलता बोलता मेथीचा भाव सांगतात. दीपमालाने स्वतःभोवती रुग्ण जमवले नाहीत, रुग्णांभोवती माणसं जमवली. म्हणून आज ती जाऊ शकते. याहून मोठं कौतुक मला सुचत नाही.

तर डॉक्टर, सोमवार उगवायच्या आत, या सभेसमोर कळवते. तेवीस तारीख माझी धरा.

टाळ्या नकोत. मी घाबरलेली आहे. भुलीची भीती वाटते. उठलेच नाही तर, हाही विचार येतो. पण आज सकाळी मी हे यजमानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ वर्तमानपत्र वाचत राहिले. मग म्हणाले, "अकोल्याच्या दवाखान्यात माझी झोपायची सोय काय?" संसाराला चाळीस वर्षं झाली की बाईला अशा वाक्यातला होकार ऐकू येतो.

आता आवरते. आयोजकांनी मला इथे उभं केलं, खुर्चीवर बसून बोलता का असं दोनदा विचारलं, त्याबद्दल त्यांचे आभार. ज्यांची नावं घ्यायची राहिली, त्यांनी तो विसर माझ्या वयाच्या खात्यावर टाकावा. सत्काराच्या भाषणात मी स्वतःचंच जास्त सांगितलं, दीपा, तू मनात धरू नकोस. कुणाला माझा शब्द लागला असेल तर हात जोडून क्षमा मागते.

जाता जाता काही निरोप. सोमवारपासून मला दोन आठवडे फक्त पातळ घ्यायचं आहे, तेव्हा घर रिकामं करायला हवं. मागच्या टेबलावर ठेवलेल्या दोन डब्यांतले शेंगदाण्याचे लाडू स्वयंपाकघरातल्या बायकांनी आणि दारावरच्या मंडळींनी वाटून घ्यावेत. जनकाबाई मावशींना त्यातला एकही देऊ नये. त्यांना साखर आहे आणि त्या ती लपवतात. त्यांच्यासाठी लिंबाच्या लोणच्याची बरणी वेगळी आहे, नाव लिहून. आमच्या ओसरीवरची बिनहातांची रुंद सागवानी खुर्ची उद्या टेम्पोने येईल. ती बाहेर, रुग्ण थांबतात तिथे ठेवावी. हात असलेल्या खुर्चीत अडकण्याची धास्ती घेऊन कुणी उभं राहू नये.

आणि अर्जुनराव, तेवीस तारखेला मी शुद्धीवर आले, चमचाभर पाणी प्याले, की पहिला फोन दीपमालाला करा. ती आता नोकरीत नाही, संध्याकाळी कळवू, असं करू नका. वजनबिजन काही सांगायचं नाही. पाणी प्यायली, एवढंच सांगायचं. दुसरा फोन अविनाशला.